सुरवंटाचं डोकं

भोपूच्या नाकातून हिरवी धार निघाली, ओठावर आली आणि त्याने ती जिभेने आत घेतली. नव्या बाईंनी पटकन नजर भिंतीकडे वळवली.

नाक पुसलेल्या हातांनीच तो सुरवंट चिकटवत होता. हिरव्या कागदाचे लहानमोठे गोल, एकापुढे एक. वाटीतली खळ कोपरापर्यंत पोचली होती. त्या गोलांना लागलेली खळ किती आणि नाकातलं किती, हे देवच जाणे. "बाई, बघा!" म्हणत त्याने कागद उंच धरला. खाली एक लांबलचक तार लोंबली. "छान हं," बाई गोड आवाजात म्हणाल्या. श्वास रोखून, दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी तो कागद वाळत टाकला. मग पाठ फिरवून हात खसाखसा चोळले.

भोपू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नाक सारखं वाजायचं म्हणून त्याच्या आजोबांनीच ठेवलेलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, वाफा झाल्या. नाक काही ऐकेना. पोर गुणाचं होतं, पण गुण दिसायला आधी तोंडाकडे बघावं लागतं ना! नव्या बाईंना नेमकं तेच जमत नव्हतं. बालवाडीचं शिक्षण घेताना पुस्तकातली मुलं कशी पावडर लावून बसलेली असायची. शेंबूड, लाळ, ओल्या चड्ड्या यांचा धडाच कुठे नव्हता. घरी जेवताना भोपू आठवला की बाईंचा घास तोंडातच फिरायचा. शिसारी यायची, अगदी आतून. आणि सांगता कुणाला? बालवाडीच्या बाईंनाच मुलांची किळस येते म्हटल्यावर कोण ठेवून घेणार? नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर याच नोकरीवर चाललं होतं. आणि आज मोठ्या बाई वर्ग बघायला येणार होत्या. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते आज ठरायचं होतं.

वर्गात सुरवंटाचा आठवडा चालू होता. कागदी पानांना भोकं पाडायची, सुरवंटाने किती खाल्लं ते मोजायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक मोठ्ठा सुरवंट व्हायचं. पुढच्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवायचे आणि वर्गभर वळवळत फिरायचं. पहिल्या दिवशी भोपू मधोमध होता. त्याने पुढच्या दोन वेण्यांवालीच्या पाठीला निवांत नाक पुसलं. ती किंचाळली आणि बाईंना तिथेच उमासा आला. दुसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. जो सगळ्यांत पुढे, त्याच्या हाती कुणाचाच खांदा लागत नाही! "आजपासून आपला भोपू सुरवंटाचं डोकं!" असं जाहीर करून त्यांनी कागदी मिशांची टोपी लांबूनच त्याच्या डोक्यावर टाकली. तेव्हापासून रोज तोच पुढे.

काल शाळा सुटताना भोपूची आई फाटकापाशी थांबली होती.

"याला आजवर कुणी पुढे केलं नव्हतं हो, बाई. वाढदिवसाला बोलवत नाहीत, शेजारी बसवत नाहीत. तुम्ही तेवढ्या वेगळ्या निघालात." तिने बाईंचे दोन्ही हात हातांत घेतले. तिचे डोळे भरून आले होते.

"हुशार आहे हो तो," बाई कशाबशा म्हणाल्या. त्या क्षणी त्यांना भोपूपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली. पण आज वर्ग भरल्यावर त्यांनी टोपी पुन्हा त्यालाच घातली. मोठ्या बाईंसमोर कुणाच्या पाठीला नाक पुसलं गेलं असतं तर?

मोठ्या बाई आल्या आणि कोपऱ्यातल्या चिमुकल्या खुर्चीवर जेमतेम टेकल्या. त्यांनी भिंतीवरचे सुरवंट पाहिले. ओळीच्या पुढे उभा असलेला, नाक वाजवणारा भोपू पाहिला. मग त्यांनी नव्या बाईंना जवळ बोलावलं.

"हुशार पोराला सगळेच पुढे करतात हो. या असल्या पोराला पुढे करायला काळीज लागतं. मी काय ते समजले. तुम्हाला आता जाऊ देत नाही मी."

नव्या बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी जोरात टाळी वाजवली. "चला, सुरवंट निघाला!"

सुरवंट काही निघेना. भोपूने टोपी काढून जमिनीवर ठेवली. तो ओळीच्या शेवटी गेला, हात चड्डीला नीट पुसले आणि तिथे उभ्या असलेल्या वेण्यांवालीच्या खांद्यांकडे नेले. तिने मान वळवून पाहिलं. नाक आक्रसलं, श्वास रोखला. "छान हं," ती गोड आवाजात म्हणाली आणि खांदा काढून घेतला. मग पाठ फिरवून हात खसाखसा चोळले.

नव्या बाईंनी ते तोंड ओळखलं. कुणाला दिसत नाही असं समजून त्या आठवडाभर जे तोंड करत होत्या, तेच हे. कोपऱ्यात मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला. आता जोडलेलं सगळं हातचं जाणार, या धसक्याने नव्या बाई धावल्या.

"अरे राजा, असं काय करतोस? तू तर आपलं डोकं! सगळ्यांच्या पुढे! डोकं व्हायचं सोडून शेपूट कुणी होतं का?"

भोपूने हात तसेच पुढे धरून वर पाहिलं.

"पण बाई, डोक्याला कुणाला धरताच येत नाही."