जोडी मोठी

साठ साली पांढरकवड्याच्या बैलबाजारात गिऱ्हाइकाची वाट पाहत प्रेमसिंग चहाच्या दुकानासमोर पत्ते पिसत बसला होता. एक अनोळखी म्हातारा त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"भाऊ, मले शिकवा नं तीन पत्ती. कोणता डाव मोठा, कोणता लहान, काहीच समजत नाही."

प्रेमसिंगला संशय आला. असे भोळे बनून येणारे अन् भल्याभल्यांना लुटून जाणारे त्याने बाजारात पाहिले होते. याला खरं सांगितलं तर हा आपल्यालाच फसवेल, असं वाटून त्याने मुद्दाम उलटं शिकवलं, "ओळीनं आलेले तीन पत्ते लहान. जोडी त्याच्याहून मोठी."

चहावर डाव लागला. म्हाताऱ्याला सत्ती, अठ्ठी, नव्वी आली. प्रेमसिंगकडे नुसती दुऱ्यांची जोडी होती.

"म्हंजे मी हारलो," म्हातारा म्हणाला आणि त्याने मुकाट्यानं दोन चहा सांगितले.

माणूस खरंच भोळा निघाला. चहा पिता पिता प्रेमसिंगला थोडी लाज वाटली. तो म्हणाला, "काका, एखाद्या दिवशी तांड्यावर या. माह्या पोराची सोयरीक जमून राह्यली. सोमवारी पोरीचा बाप घर पाह्याले येनार हाये."

म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली आणि तो उठला.



"सोमवारी कोनी येनार नाही, प्रेमसिंगभाऊ. पोरीचा बाप मीच, अन् पत्ते मले लहानपणापासून येतात."