एक त्रस्त नागरिक

कोपऱ्यावरच्या खांबावर दिवा लागला आणि सगळी गल्ली धाकट्या साडूंभोवती गोळा झाली. थोरले साडू आपल्या खिडकीतून बघत राहिले. त्यांच्या पोटात दुखायला लागलं, आणि त्या दुखण्यावर घरात औषध नव्हतं.

दिवा नव्हता तेव्हा त्याच कोपऱ्यावर अंधारात दोघांच्या सासूबाई पडून हात मोडून बसल्या होत्या. तेव्हापासून नगरसेवकाला पत्रं लिहिली ती थोरल्यांनी. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उभा जन्म गेलेला. पत्रात एक वेलांटी चुकेल तर शपथ. आणि या विमा विकणाऱ्या बोलघेवड्यानं नुसता फोन केला तर आठवड्यात दिवा? वर थोरल्यांची स्वतःची बायको, बहिणीच्या नवऱ्याचं किती कौतुक करू नि किती नको अशी दारात उभी.

धाकटे घरी आले, तेव्हा थोरल्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलंच. धाकट्यांनी हातचं काही राखलं नाही. कार्यालयात नाव सांगितलं, पत्ता सांगितला, तुमचाच मतदार आहे म्हटलं. दिवा कुठल्या खांबावर हवा ते सांगितलं आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. बास.

"आणि माझी पत्रं?"

"विचारलं ना. तिथल्या बाई म्हणाल्या, अक्षर इतकं सुरेख की टाकवत नाहीत. पण उत्तर पाठवायचं कुणाला? दरवेळी खाली सही 'एक त्रस्त नागरिक'. दादा, नाव का नाही घातलंत?"

"सार्वजनिक कामात मी-मी करू नये," थोरले म्हणाले.

"अहो, दारावरच्या पाटीवर तर पदवीसकट आहे," बायको म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

त्या रात्री मत्सरानं थोरल्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी बायको बाजारात गेली तसा त्यांनी फोन उचलला. नाव सांगितलं, आडनावासकट. पत्ता सांगितला. तुमचाच मतदार आहे, हेही सांगायला विसरले नाहीत. पलीकडच्या बाईंनी अदबीनं विचारलं, तक्रार कशाबद्दल आहे?

"कोपऱ्यावरचा दिवा."

"बंद पडला का?"

"नाही," थोरले म्हणाले. "चालू आहे."