सवच्या कुंडात

भागूबाईचा नवरा सोनबा सात वर्षांनी, छप्पन साली, मुंबईहून परतला. कपाळावरचा व्रण तोच, आवाजही तोच. सासूने भाकरतुकडा ओवाळून त्याला घरात घेतलं. भागूबाईला मात्र दीड वर्ष काहीतरी खटकत होतं.

त्याची कंबर धरली म्हणून दोघं पोराला घेऊन सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर आली. तासाभरात भागूबाईच्या बोटांना सुरकुत्या पडल्या. शेजारच्या म्हाताऱ्याच्याही पडल्या. सोनबाची बोटं गुळगुळीतच होती.

"काय बगतेस गो?" तो हसला.

"काय नाय."

"मंग पोराला दे की इकडं."

"नको, दमलाय तो."

सहा महिन्यांचं पोर तिच्या मांडीवर बसून तासभर पाण्यात हात मारत होतं. तिने त्याला छातीशी घट्ट धरलं. पोराने आपणहून मूठ उघडली.

बोटं गुळगुळीत होती.