खुर्चीवरची नजर

अकोल्याच्या नाट्यगृहात आमचं नाटक तीन कॅमेऱ्यांनी चित्रित झालं. मूळ कादंबरीतला बाप गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेला. दिग्दर्शक धर्मपालसरांनी त्याच्या जागी मंचावर फक्त एक रिकामी खुर्ची ठेवली होती.

अमरावतीला संकलनाला बसले आणि मी नटांच्या प्रेमातच पडले. चौघांची नजर प्रत्येक टेकमध्ये खुर्चीवर नेमकी एकाच उंचीला मिळायची. इंचभरही इकडेतिकडे नाही.

शेवटच्या टेकमध्ये त्या चारही नजरा एकदम वर गेल्या, बसलेलं माणूस उठावं तशा. मग सावकाश मंचाच्या कडेपर्यंत आल्या आणि थेट कॅमेऱ्यात थांबल्या.

दुपारी ज्योत्स्नाताई चित्रण पाहायला आल्या. नाटकातली मुलगी त्यांनीच केली होती.

“ताई, काय जबरदस्त बसवलं तुमी हे! तालमीत तर नव्हतं.”

“बसवलं कायचं? बाबा उठले, मंग आमी खुर्चीकडेच पाहत बसू का?”

मी हसले. भूमिकेत इतकं बुडालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्या खांद्यावरून मागे पाहत होत्या, उभ्या माणसाच्या उंचीला.

“आचल, जराशी सरक,” त्या म्हणाल्या. “त्यायले स्क्रीन दिसून नाही राहिली.”