खोटारड्यांची यादी

राडोव्हानने पडद्यावरच्या आकड्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि कॉफीचा कप टेबलावर ठेवायला गेला तो कडेलाच. कप खाली पडून फुटला. ब्रनो शहरातल्या त्या ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"काय रे, भूत पाहिलंस की काय?" शेजारच्या टेबलावरून झ्देनाने विचारलं. ती वयाने मोठी, आणि त्याला दरडावायचा हक्क तिने आपणहून घेतलेला.

"ब्लांकाचा मॉनिटर," तो म्हणाला.

मॉनिटर जोडला की तो संगणकाला आपली ओळख सांगतो. मला कुणी बनवलं, माझा नंबर काय, मी केवढा. बरेच मॉनिटर यात धादांत थापा मारतात. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात अशा खोटारड्यांची एक यादी असते, आणि जगभरातून येणाऱ्या तक्रारी वाचून ती सांभाळायचं काम राडोव्हानकडे होतं. तक्रार करणाऱ्याने मॉनिटरची ओळख जशीच्या तशी जोडून पाठवायची, असा तिथला रिवाज. तीही सगळ्यांना दिसेल अशी. मॉनिटरच्या ओळखीत लपवण्यासारखं असतं तरी काय?

आजची तक्रार ओपावाहून आली होती, क्रिश्टोफ नावाच्या कुणा माणसाची. लिनक्सची नवी आवृत्ती घातल्यापासून चित्र धूसर दिसतंय म्हणे. जोडलेल्या ओळखीत, जिथे मॉडेलचं नाव असायला हवं, तिथे लिहिलं होतं, 'माझी चिमणी'.

ते राडोव्हाननेच लिहिलं होतं, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला. हौसेच्या भरात ताळा जुळवणारा शेवटचा आकडा बदलायचा राहिला, त्यामुळे ओळखीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज चुकत होती. जुन्या आवृत्त्या तिकडे काणाडोळा करायच्या. यंदा राडोव्हाननेच नियम कडक केला होता. केलेलं फिरून येतं म्हणतात, ते असं.

त्याच्या बायकोला, ब्लांकाला, घर सोडून जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. जाताना तिने कपड्यांची बॅगसुद्धा घेतली नाही, मॉनिटर तेवढा नेला. पोलिसांनी 'बाई सुखरूप आहेत, सज्ञान आहेत' एवढं सांगून हात झटकले. सासूबाई त्याचा आवाज ऐकला की फोन ठेवत. राडोव्हानने घर होतं तसं ठेवलं, तिच्या कुंड्यांना पाणी घातलं, नाताळात तिचं ताट मांडलं. चांगल्या माणसाच्याच नशिबी हे का यावं, असं ऑफिसातली माणसं आपापसांत म्हणायची.

"दुसरा कुणी असेल तर?" काचा गोळा करता करता झ्देनाने हळूच विचारलं. "हाच असेल, क्रिश्टोफ."

"असेल तर असेल. तिच्या तोंडून ऐकू दे. मला एकदा तिला बघायचंय, झ्देना. बाकी काही नको."

झ्देनाचे डोळे भरून आले. "मग त्याचा नंबर माग आणि फोन कर. पत्रं काय लिहीत बसतोस?"

क्रिश्टोफने नंबर लगेच पाठवला. माणूस भलता बोलका निघाला.

"खुद्द तुम्ही? अहो, मी माझ्या बायकोला सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही."

म्हणजे त्याला बायको होती. राडोव्हानच्या छातीवरचं दडपण जरासं हललं.

"मॉनिटर तुमचाच का?"

"छे हो, इथल्या एका बाईंचा. मी या संस्थेचे संगणक सांभाळतो, सेवा म्हणून. त्या चित्रं काढतात. पडद्यावर काही धड दिसत नाही, म्हणून बिचारीचं काम अडलंय."

राडोव्हानने डोळे मिटले. ती अजून चित्रं काढत होती.

"हे फोनवर सुटायचं नाही," तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला. "मी स्वतः येऊन बघतो."

क्रिश्टोफने आवाज खाली आणला. "इथला पत्ता कुणाला देत नाहीत हो. कडक नियम आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं? तुमचं कोड आमच्या प्रत्येक मशीनमध्ये आहे. तुम्ही घरचेच."

शनिवारी सकाळी राडोव्हान निघाला. फुलवालीने शुभ म्हणून विषम संख्येत मोजून ट्युलिप बांधून दिले. कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, त्याने ब्लांकाच्या आवडत्या दुकानातून घेतले. वाटेत झ्देनाचा फोन आला.

"काय ऐकावं लागेल ते ऐक, पण तिच्यावर चिडू नकोस हं."

"मी कधी चिडलोय का कुणावर?"

"तेही खरंच. गरीब गाय आहेस तू."

घर गावाच्या टोकाला होतं, पिवळ्या रंगाचं, चारचौघांसारखं. अंगणात मुलांच्या सायकली पडल्या होत्या. घंटेवर नाव नव्हतं. त्याने शर्ट नीट केला आणि घंटा वाजवली.

दार उघडलं ते एका गोल चेहऱ्याच्या, टक्कल पडलेल्या माणसाने. "या या, साहेब! मीच क्रिश्टोफ. अरे वा, फुलं? मॉनिटरला?" स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि जिन्याकडे तोंड करून त्याने हाक मारली, "ब्लांकाताई, खाली या. मॉनिटरवाले साहेब आलेत, थेट ब्रनोहून."

वर एक दार उघडलं. पावलं भराभर खाली येऊ लागली, आणि मध्येच थांबली.

राडोव्हान हसला. त्याला आधी दिसला तो कठडा घट्ट धरलेला तिचा उजवा हात. त्यानेच एकदा दाराच्या फटीत धरून मोडलेली तिची दोन बोटं अजूनही सरळ झाली नव्हती.