देवकाबाईची साक्ष

"बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा," रघुनाथराव वकिलांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या देवकाबाईनं पदर आणखी पुढे ओढला.

नत्थूजी समोरच्या भिंतीला टेकून उभे होते. हा प्रश्न वकिलांच्या डोक्यातला नव्हता, नत्थूजींच्या स्वतःच्या डोक्यातला होता. मागच्या आठवड्यात पांढुर्ण्याला वकिलांच्या घरी चहा पिता पिता ते म्हणाले होते, "साहेब, तिले माहं नाव विचारा. मेली तरी घेणार नाही. मंग म्हणा, बाईले नवऱ्याचं नावच माहीत नाही." रघुनाथराव मनापासून हसले होते. अशिलानं आयतं हत्यार आणून दिलं की कोणत्या वकिलाला आनंद होत नाही?

सौंसरच्या कोर्टात, जिथं कामकाज हिंदीत चालायचं, देवकाबाईनं खर्च्याची, म्हणजे पोटगीची, केस टाकली होती. आधी तिनं खर्च मागितलाच नव्हता. मूलबाळ होईना म्हणून नत्थूजींनी तिगावची सुमन दुसरी करून आणली, तेव्हा देवकाबाईनंच तिला ओवाळून घरात घेतलं. सुमनला मुलगा झाला. मग एका घरात दोघी नकोत असं सुमनला वाटू लागलं, आणि चौऱ्याऐंशीच्या होळीनंतर नत्थूजी देवकाबाईला तिच्या भावाकडे, मोहगावला सोडून आले. ती एवढंच म्हणाली होती, "मागची खोली द्या मले. तुमच्या मंधात येत नाही." तेवढंही त्यांच्याच्यानं झालं नाही. शेवटी भावानं वकील केला.

नत्थूजी सरकारी शाळेत चपराशी होते. दोन बायका कागदावर आल्या असत्या तर नोकरी गेली असती. म्हणून त्यांनी कोर्टात लिहून दिलं, की ही बाई आमच्याकडे कापूस वेचायला येत होती, तिच्याशी माझं लग्न झालेलं नाही. लग्न पाहिलेली म्हातारी माणसं बरीचशी गेली होती. जी उरली ती नत्थूजींच्याच भावकीतली, त्यांनी कोर्टाची पायरी चढायला नकार दिला. भावाची साक्ष घरचीच ठरली असती. आता जे काही होतं ते देवकाबाईच्या तोंडच्या शब्दावर होतं.

"बोलो बाई," न्यायाधीश समजुतीनं म्हणाले. "नाम तो लेना पड़ेगा."

"थे तिकडे उभे हायेत ना साहेब, थेच."

"मगर नाम?"

"मी नाव नाही घेत त्यायचं. दुसऱ्या कोणाले विचारा."

मागच्या बाकांवर हशा पिकला. रघुनाथरावांना हेच हवं होतं. "हुजूर, जिसे पति बता रही है, उसका नाम तक इसे मालूम नहीं," ते म्हणाले आणि अंगावरचा काळा कोट सारखा करत खाली बसले.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. नत्थूजींना बरं वाटायला हवं होतं, पण त्यांना भलतंच आठवलं. नोकरी लागायच्या आधी ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि एकदा त्यांचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. देवकाबाईनं त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं नाव विचारलं. शेवटी त्यांना बाकावर निजवून ती भर उन्हात अनवाणी बाजारात पळाली आणि गावातल्या एका माणसाला हाताला धरून घेऊन आली, फक्त नाव सांगायला. पुढे कितीतरी दिवस नत्थूजी तिला चिडवत, "तवरोक मी मेलो असतो त?" ती म्हणायची, "नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होते. मी कशाले घेऊ?"

या बाईची हीच गोष्ट आपण वकिलाच्या हातात दिली, हे त्यांना आता, इतक्या उशिरा, नीट कळलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. त्यांच्या घरच्या बायकाही नावं घेत नसाव्यात, कारण ते हसले नव्हते. ते नत्थूजींकडे वळले. "ठीक है. आप ही बता दीजिए. यह आपकी कौन है?"

हा प्रश्न ठरलेला नव्हता. नत्थूजींनी वकिलांकडे पाहिलं, तर वकील कागद चाळत होते. मग त्यांनी देवकाबाईकडे पाहिलं. तिनं पदर थोडा वर केला होता आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. राग नव्हता तिच्या नजरेत. उलट, आता सगळं सुरळीत होईल, स्वतः त्यांनाच विचारलं म्हटल्यावर काय काळजी, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. खरं सांगून मोकळं व्हावं असं त्यांना फार वाटलं. पण त्याच वेळी शाळेचे हेडमास्तर, सुमन आणि शर्टाची बटणं नीट न लावता दारात उभा राहणारा मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

"कोणी नाही साहेब," नत्थूजी म्हणाले. "कापूस वेचाले येत होती. बाकी मी या बाईले ओळखत नाही."

कोर्टाच्या बाबूंनी ते लिहून घेतलं. मागचे लोक आता हसत नव्हते. शब्द तोंडातून गेला त्याच क्षणी तो परत घ्यावा असं नत्थूजींना वाटलं, आणि तो परत घेता येणार नाही हेही त्यांना माहीत होतं. मग देवकाबाईनं डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला. इतक्या वर्षांत ती त्यांच्यासमोर चारचौघांत कधी अशी उभी राहिली नव्हती.

"लिहा साहेब," ती शांतपणे म्हणाली. "आता नाव घ्याले काही हरकत नाही. ह्याचं नाव नत्थू."