पोर्टगॅरीचं शून्य

"शून्य!" लॉरिमरसाहेब म्हणाले. "तुमच्या यंत्राला पोर्टगॅरीच्या कागदांत स्कॉट्स बोलीचा एकही शब्द सापडला नाही, मिस गेडिस."

आमच्या गावच्या वाचनालयात चहाचे कप जिथल्या तिथे थांबले. मॉर्व्हन गेडिसने पडद्याकडे पाहिलं आणि बया चक्क हसली.

प्रोग्रॅम तिनेच रचलेला. काम ऐकायला सोपं, करायला महाकठीण. आमची बोली ज्याला जशी ऐकू येते तशी तो लिहितो. पोरीला आम्ही 'क्वाइन' म्हणतो. कुणी ते 'क्वेन' लिहितं, कुणी 'क्वीन', कुणी आणखी काही. ही सगळी एकाच आईची लेकरं आहेत हे ओळखून प्रोग्रॅमने त्यांना एका घरात बसवायचं. शेजारच्या गावांच्या कागदांवर त्याने ते झकास केलं होतं. बोलीच्या शब्दकोशाचं काम त्याच्यावर सोपवायचं की नाही, हे एडिंबराहून आलेले लॉरिमरसाहेब आज ठरवणार होते. ते नाही म्हणाले की मॉर्व्हनची नोकरी गेलीच म्हणून समजा.

"अहो, यात तुमच्या सख्ख्या मामांचाही कागद आहे," साहेब म्हणाले. "भाचीच्या यंत्राला मामाची बोली कळेना, म्हणजे कमालच झाली!"

"यंत्राला सगळं कळतं. कागदातच बोली नाहीये. वाचून तर बघा."

साहेबांनी वाचलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी मासेमारीच्या आठवणी लिहून दिल्या होत्या, आणि एकजात सगळ्यांनी कडक इस्त्रीचं इंग्रजी लिहिलं होतं. दुकानात पाव मागतानाही ज्यांच्या तोंडून धड इंग्रजी निघत नाही, त्या पठ्ठ्यांनी!

"डॉडमामा," मॉर्व्हनने मागच्या रांगेकडे हाक मारली, "बोलतोस तसंच लिही, असं सांगितलं होतं ना मी? मग हे काय?"

डॉड बुकन उठून उभा राहिला. उभं आयुष्य बोटीवर काढलेला धिप्पाड गडी, वादळालाही शिव्या घालणारा. त्याने हळूच शाळेच्या जुन्या बाईंकडे, मिस ओगिल्व्हींकडे पाहिलं.

"अगं, पण कागद बाईंकडे द्यायचे होते ना."

हशा पिकला. अख्खं गाव शाळेत बाईंच्या हाताखालून गेलेलं; वर्गात बोलीतला एक शब्द निघाला की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. कागद गोळा करायला दुसरं कुणी बघावं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. बाईही खळखळून हसल्या. "बघा साहेब," त्या अभिमानाने म्हणाल्या, "साठीला आली तरी माझी मुलं अजून शिस्तीत आहेत!"

"मामा, इथेच बस आणि परत लिही," मॉर्व्हन म्हणाली. "माझ्या आईशी फोनवर बोलतोस ना, अगदी तसं. चुकलं तर माझ्यावर ढकल."

डॉड बसला. पहिली ओळ लिहायला त्याला घाम फुटला. मग पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा ओकून ओकून कसा बेजार झाला ते त्याने लिहायला घेतलं, आणि मग गडी थांबेना. स्वतःशीच हसायचा आणि लिहायचा. त्याची ओळ उतरली रे उतरली की मॉर्व्हन ती टाइप करून यंत्राला देत होती.

पडदा भरून गेला. एकच शब्द डॉडने एका पानात तीन तऱ्हांनी लिहिला होता, आणि यंत्राने तिन्ही बरोबर एका घरात नेऊन बसवले. लॉरिमरसाहेबांनी चष्मा पुसून पुसून चूक शोधली. एक सापडेल तर शपथ!

"मानलं बुवा," शेवटी ते म्हणाले. "इंग्रजीला आपली बोली समजून फसलं नाही आणि आपली बोली सोडली नाही. कोशाचं काम तुमचं."

मॉर्व्हनने आनंदाने टेबलावर मूठ आपटली. टाळ्या, शिट्ट्या, मामाच्या पाठीवर थापा. नुसता गोंधळ.

"अरे डॉड, आण बघू इकडे," मिस ओगिल्व्ही चष्मा चढवत म्हणाल्या. "काय लिहिलंयस ते मला तरी वाचू दे."

डॉड पुढे गेला. हसत हसतच गेला. कागद त्याने बाईंपुढे टेबलावर ठेवला, आणि बाईंनी पहिली ओळ वाचायच्या आत त्याचे दोन्ही हात, एकावर एक, तळवे वर करून, आपोआप त्यांच्यापुढे झाले.